कच्ची शिलाई

"डावी बाही कच्चीच ठेव, अल्मा. गेल्या वेळेसारखी." मिसेस टूहींनी निळा कोट टेबलावर टाकला. दाराशी पोचल्यावर त्यांना आपण काय बोललो ते उमगलं. "म्हणजे... अगं, नायकाचा कोट आहे. उद्या लागेल."

"हो, बाई."

समुद्री चाच्यांच्या चित्रपटात झटापटीत बाही फाटावीच लागते. एका हिसक्यात सुटावी म्हणून खांद्याशी चार कच्चे टाके घालायचे. स्टुडिओच्या कपडेखात्यात हे काम अल्माकडेच यायचं. नायकाला एक कोट, त्याच्या डुप्लिकेटला तसाच दुसरा. डुप्लिकेट तिचा धाकटा भाऊ होता, ऑरिन.

गेल्या आठवड्यात झटापट सुरू होण्याआधीच डोलकाठीवर ऑरिनचा पाय सरकला. शेजारी चाचा झालेल्या लायलनं झडप घातली. हाताला लागली ती बाही. ती त्याच्या मुठीत राहिली आणि ऑरिन खाली डेकवर गेला.

दफनाच्या वेळी सगळे म्हणाले, दोष कुणाचाच नाही. शिलाईबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मात्र तेव्हापासून बाजूच्या टेबलावर कुणी कापड फाडलं, की अल्माचा हात मशीनवर थिजायचा.

दुपारी लायल पट्टा घट्ट करून घ्यायला आला.

"उद्या आम्ही खाली डेकवरच," तो म्हणाला. "नायकसाहेब वर कसले चढतायत! वाऱ्यानं टोप उडाला तर टक्कल दिसेल."

अल्मा हसली नाही. तोही थांबला.

"मी घट्ट धरलं होतं, अल्मा."

"माहितीये रे."

"देवाशपथ, घट्ट."

"पट्टा बघ. काचतोय का?"

तो गेल्यावर तिनं चार टाके घातले. कोट उचलून बाही हलकेच ओढली. टर्रकन सुटली. तिनं खांद्यातले सुटलेले दोरे एकेक उपसून काढले. मग दोऱ्याला मेण लावलं, तो दुहेरी घेतला आणि बगलेपासून पक्की शिलाई घालायला लागली. उद्या नोकरी जाईल, हे तिला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी ती कात्री घेऊन दिव्यांमागे उभी राहिली. इशारा झाला. लायलनं नायकाची बाही धरून हिसका दिला. नायक अख्खाच्या अख्खा त्याच्या अंगावर आला.

"अरे, फाड ना, गाढवा!"

लायलनं पुन्हा ओढलं. सगळी ताकद लावून ओढलं. शिलाई हलली नाही.

"कट!" दिग्दर्शक ओरडला. "कुणी शिवलीय ही?"

"मी," अल्मा पुढे येत म्हणाली.

मिसेस टूहींनी मान खाली घातली. एकेक दिवा विझला.

"सोड की आता," नायक वैतागून म्हणाला.

लायलनं बाही सोडली नाही.