शेपटी न कापलेले मासे

ओढ्यातला मेलेला सॅमन मोजला की त्याची शेपटी कापायची आणि मासा पुन्हा पाण्यात टाकायचा, हा वेइक्को सालमेलाच्या मासे मोजणाऱ्या सरकारी टोळीतला पहिला नियम. आठवड्याने दुसरं कुणी त्याच पट्ट्यातून चालत आलं, की बिनशेपटीचा मासा पाहून त्याला कळतं, हा मोजून झालाय. अंडी घातली की सॅमन मरतातच, त्यात नवल नाही. पण मेलेला मासा दोनदा मोजला गेला, तर तो जिवंत माशांच्या मुळावर येतो. कारण या आकड्यावरूनच नदीत मासे किती ते ठरतं, आणि आकडा फुगला की वरचे नदी मासेमारीला उघडतात.

हेल्मी निएमी हे काम पाच हिवाळे करत होती. ऑक्टोबरात घ्यायचं, जानेवारीत घरी पाठवायचं, असा हंगामी कारभार. घर म्हणजे तरी काय, बहिणीच्या अंगणात उभी केलेली जुनी कॅम्पर गाडी. तिच्या छतातून ओरेगनचा सगळा पाऊस आत यायचा. यंदा मात्र टोळीत एक कायमची जागा निघाली होती. ती हेल्मीचीच, असं सगळे धरून चालले होते. ब्रॅम ऑस्ट्रँडर येईपर्यंत.

ब्रॅम पोर्टलंडच्या कॉलेजातून आलेला शिकाऊ. ओढ्यात ओंडके कुठे टाकले तर माशांच्या पिल्लांना आडोसा मिळेल, हे त्यानं असं काही समजावलं की म्हातारा वेइक्को खूश झाला. "राहतोस का रे कायमचा?" त्यानं गमतीत विचारलं.

"राहीन की," ब्रॅम म्हणाला. तो गंमत करत नव्हता.

चौदा नोव्हेंबरला हेल्मी वरच्या पट्ट्यात उतरली. सहा दिवसांपूर्वी ब्रॅम तिथून मोजत गेला होता. पहिल्याच वळणावर एक मादी पडली होती, डोळे गेलेले, अंगावर पांढरी बुरशी. मरून दहा दिवस तरी झाले असतील. शेपटी शाबूत. पुढे दुसरी, मग तिसरी. पट्टा संपेपर्यंत अडतीस झाले. ब्रॅमच्या कागदावर एकेचाळीस होते.

म्हणजे मासे मोजले होते, शेपट्या कापल्या नव्हत्या. पोरानं सुरी हरवली असणार, आणि सांगायची त्याला लाज वाटली असणार.

गाडीपाशी तो सँडविच खात बसला होता. "काय रे कॉलेजवाल्या, सुरी कशी चालतेय?"

त्याचे कान लाल झाले. "मस्त."

"धार लावलीस की नाही?"

"लावली ना. कालच."

"शाब्बास," हेल्मी म्हणाली आणि पोटभर हसली.

तिनं ते अडतीस नवे म्हणून लिहून दिले. आपल्या पिवळ्या वहीत मात्र प्रत्येकाची जागा, बुरशी, गेलेले डोळे, सगळं टिपून ठेवलं. हंगामाच्या शेवटच्या बैठकीत, चारचौघांत, ब्रॅमची चूक उघडी पाडायला ती ही वही टेबलावर ठेवणार होती. पुढच्या आठवड्यातही तसंच झालं. तो पुढे मोजत गेला, ती मागून तेच मासे पुन्हा मोजत गेली.

आकडा तीनशेच्या वर गेला. वेइक्को बायकोनं भाजलेला वेलचीचा गोड पाव घेऊन आला. "पंधरा वर्षांत नाही पाहिला असा आकडा! आता अठ्ठावीसपासून दोन शनिवार-रविवार नदी गळांना खुली. वरून पत्र आलंय."

हेल्मीच्या तोंडात पावाचा घास तसाच राहिला. तिनं ब्रॅमकडे पाहिलं. तो पांढराफटक पडला होता. आता हा सांगेल, असं तिला वाटलं. तो गप्प राहिला. मग मीच का सांगू, असं मनात म्हणून तिनं घास गिळला.

दोन्ही शनिवारी काठावर गाड्यांची रांग लागली. नंतरच्या सोमवारी वरच्या पट्ट्यात एकही जिवंत मासा दिसला नाही.

बैठकीत तिनं वही टेबलावर ठेवली. ब्रॅम रडायलाच लागला. "पाण्यात पडली हो सुरी. तुम्ही हसाल म्हणून..."

"हसलोच असतो," वेइक्को म्हणाला, "आणि दुसरी दिली असती."

मग तो वहीची पानं उलटत राहिला.

"ही चौदा तारीख. अक्षर तुझंच ना?"

"हो."

"आणि नदी उघडली अठ्ठावीसला."

वेइक्कोनं त्या पानावर बोट ठेवलं.

"त्याची सुरी हरवली होती, पोरी. तुझी तर हातात होती." त्यानं वही मिटली. "जागा रिकामी ठेवली तर वरचे ती काढून घेतील. ह्यालाच घ्यावं लागणार. हा निदान रडला तरी. तू शुक्रवारपर्यंत ये, त्याला सगळे पट्टे दाखव. आणि जाताना सुरी त्याला दे. ऑफिसचीच आहे ती."

शुक्रवारी दोघं दोन मैल चालले, काहीच नाही. तिसऱ्या मैलात एक नर सापडला, मेलेला, जबड्यात गळ, मागे तुटलेली दोरी. ब्रॅमनं हात पुढे केला. हेल्मीनं सुरी दिली. तो शेपटीवर करवतीसारखी सुरी घासत बसला.

"तशी नाही. सांध्यात घाल," ती म्हणाली.

शेपटी सुटली. ब्रॅमनं मासा पाण्यात सोडला आणि कागदावर लिहिलं, एक.

पाच वर्षांच्या सवयीनं हेल्मीनं सुरीसाठी हात पुढे केला. ब्रॅमनं ती बाहीला पुसली आणि स्वतःच्या कमरेला खोचली.