दौंड स्टेशनातला आंधळा

सत्यवान शिरूरच्या मिशन शाळेतल्या मास्तरांचा मुलगा. बासष्ट साली पुण्यातल्या एका कॉलेजानं अभिनयाचा वर्ग काढला, तेव्हा त्यानं वडिलांशी भांडून अर्ज केला. जागा थोड्या, मुलं मुंबई-नागपूरपासून आलेली. पहिल्या फेरीतून तो कसाबसा तरला. दुसऱ्या फेरीला प्रत्येकानं स्वतः पाहिलेला एखादा माणूस उभा करायचा होता. सत्यवाननं आंधळा निवडला. घरात तालमीला वडिलांची मनाई, म्हणून तो दौंडला थोरल्या बहिणीकडे, मेरीअक्काकडे येऊन राहिला. तिचा नवरा रेल्वेत होता, त्यांना स्टेशनाजवळ रेल्वेचं क्वार्टर होतं.

परीक्षेच्या सकाळी पुण्याच्या गाडीसाठी निघताना त्याला वाटलं, आज माणसांतच करून बघू. स्टेशनाच्या दारात त्यानं पापण्या अर्धवट मिटल्या, बुबुळं वर चढवली आणि काठीनं चाचपत फलाटावरच्या बाकावर जाऊन बसला. कुणीतरी त्याला जागा करून दिली. त्याला मनातून फार बरं वाटलं.

थोड्या वेळानं शेजारी एक जोडपं येऊन बसलं.

"कवापासनं दिसत न्हाई, पाव्हणं?" पुरुषाचा आवाज होता.

"चार-पाच वर्सं झाली."

"मी सोपान. कुरकुंभचा. मला बी आता निस्तं धुकं दिसतंय. पुण्याला आपरेशनला निघालोय. ही मंडळी मागं लागली म्हनून." त्यानं चाचपडत सत्यवानचा हात धरला. त्याचा तळवा घामानं ओला होता. "खरं सांगू का? लई भ्या वाटतंय. तुम्ही केलं व्हतं का आपरेशन?"

इथं सत्यवाननं नाही म्हणायला हवं होतं. पण तो भूमिकेत पुरता शिरला होता, आणि त्यानं उभ्या केलेल्या आंधळ्याच्या तोंडी पुढचं वाक्य आपसूक आलं.

"केलं की. पुण्यालाच. तवा थोडं तरी दिसत व्हतं. कापलं आन् व्हतं त्ये बी गेलं." हे म्हणताना त्याचा गळा दाटून आला, आणि आपला गळा खरोखर दाटलाय हेही त्याला कळलं.

सोपानराव रडायला लागला. मग हात सोडून उठला. "शेवंता, ऊठ. घरला जायचं."

"अवं, असं काय करता?" बायको म्हणाली. "डाक्टर म्हनला न्हवं, मोतीबिंदू हाय, बरा व्हतोय? ह्यांचं निराळं आसंल. सांगा वो दादा, तुमचं निराळं व्हतं म्हनून!"

तेवढ्यात गाडी आली. फलाटावर पळापळ झाली. डोळे उघडायचे, एवढंच करायचं होतं. पण उघडले तर हे लोक काय म्हणतील? बोलत बसलं आणि गाडी चुकली तर? सत्यवाननं मान खाली घातली. बाईचं विनवणं लांब लांब जात राहिलं. कुणीतरी त्याला दंडाला धरून डब्यात चढवलं.

पुण्यात त्यानं तेच केलं. तोच बाक, तोच दाटलेला गळा. परीक्षकांतल्या एका बाईंनी पदर डोळ्यांना लावला. संध्याकाळी निवडलेली नावं वाचली, त्यात त्याचं होतं.

रात्री तो दौंडला परतला. मेरीअक्कानं कौतुकानं शिरा केला, पण त्याला घास गिळेना. अखेर त्यानं तिला सगळं सांगितलं.

"उद्या उठून कुरकुंभला जा," ती म्हणाली. "त्यांना सांगितल्याशिवाय मला तोंड दाखवू नकोस."

कुरकुंभला सोपानराव घरापुढं बाजेवर बसला होता. सत्यवान म्हणाला, "मामा, स्टेशनातला आंधळा मीच. मला चांगलं दिसतं. मी सोंग केलं होतं. ऑपरेशनचं सगळं खोटं."

"हिनं पढवून आनलाय व्हय तुला?" सोपानराव म्हणाला. "त्यो मानूस आंधळाच व्हता. माझ्यासंगं रडला त्यो."

सत्यवाननं आंधळ्याचा आवाज काढला, तेच वाक्य म्हटलं. सोपानरावचा चेहरा बदलला. तो उठून भिंत धरत आत गेला.

शेवंताबाई दारातच उभी होती. सत्यवान तिला म्हणाला, "मावशी, मी येतो ना त्यांच्याबरोबर पुण्याला."

"नगं. तुमच्याफुडं रडलं, त्येची लाज वाटती त्यांना. तुम्ही संगं आसला तर पाऊल उचलायचं न्हाईत. मीच बघीन. तुम्ही पुन्हा येऊ नगा."

जूनमध्ये सत्यवान पुण्याला वर्गात दाखल झाला. शिक्षक त्याची वाहवा करायचे. कुरकुंभचा विचार मनात आला की तो पाठांतराला बसायचा.

दिवाळीत मेरीअक्कानं सांगितलं की, शेवंताबाईनं नवऱ्याला पावसाळा सरता सरता कसंबसं दवाखान्यात नेलं. एका डोळ्यानं दिसू लागलं. दुसऱ्याला उशीर झाला होता.

नाताळच्या सुट्टीत दौंडच्या बाजारात सत्यवानला ती दोघं दिसली. सोपानराव जाड भिंगाचा चष्मा लावून, मान तिरकी करून मिरच्या निवडत होता. सत्यवान नकळत त्याच्या समोर जाऊन उभा राहिला. सोपानरावनं वर पाहिलं. हा चेहरा त्यानं कधी पाहिलाच नव्हता.

"कोन पायजे, पोरा?" त्यानं मायेनं विचारलं.

बोललो तर आवाज ओळखेल, हे सत्यवानला माहीत होतं. शेवंताबाई मागून एकटक बघत होती. त्यानं नुसती मान हलवली आणि गर्दीतून वाट काढत तो क्वार्टरकडे चालू लागला.