चौथा पेला

लेकीचं, नम्रताचं लग्न झालं त्या वर्षी, म्हणजे १९९९ साली, दिवाळीच्या आदल्या दिवशी कोंडू भोईर मुरबाडच्या एसटी स्टँडवर नव्या दिवाळी अंकाचं एकच पान पुन्हा पुन्हा उलटत होता. त्याची गोष्ट होती, नाव होतं, खाली गोष्ट संपल्याची वेलबुट्टी होती. पान उलटलं की चकलीची कृती.

"आवं, काय हरवलं?" पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या त्याच्या बायकोनं, गोजाबाईनं विचारलं.

"शेवट हरवला गो! शेवटच छापला नाय यांनी."

कोंडूनं जन्मभर माळशेजच्या रस्त्यावर खडी पसरली. पन्नाशीला आला तेव्हा देवळाच्या ओट्यावर साक्षरतेचा वर्ग भरला, तिथं तो अक्षरं शिकला. तोवर चिठ्ठी असो की नोटीस, दुसऱ्यानं वाचून दाखवली तेव्हाच त्याला कळली. म्हणून आता त्याला एकच हवं होतं. आपलं लिहिलेलं कुणीतरी एकट्यानं, मनातल्या मनात, शेवटापर्यंत वाचावं.

गोष्ट रहस्याची होती. घाटात धुकं दाटतं. एका म्हातारीच्या झोपडीत तिघं अडकतात: पोस्टमन, कंपाउंडर आणि पळालेल्या कैद्याच्या मागावरचा हवालदार. सकाळी तिघांचा चहा होतो. म्हातारी चहा घेत नाही. तरी चुलीपाशी रिकामे पेले चार. हवालदार झोपडी उलथीपालथी करतो, पोस्टमनची गचांडी धरतो आणि ओरडतो, "हा चौथा पेला कुणाचा?"

आणि तिथंच वेलबुट्टी.

चूक कोंडूचीच होती. एकाच बाजूला लिहा, असं अंकवाल्यांनी कळवलं होतं. त्यानं दुकानातून दहा कागद आणले. दहावा भरला, गोष्ट थोडी उरली. वर्गात वर्षाला एकच वही मिळायची. मागची बाजू कोरी सोडली की बाई ओरडायच्या. त्यानं कागद उलटला आणि उरलेलं मागं लिहिलं. छापखान्यात खिळे जुळवणारा जुळारी मागं बघेल कशाला?

गावात, वैशाखऱ्यात, लोकांनी त्याला धरलं.

"ओ कोंडूबाबा, चवथा कोण व्हता? कैदी ना?" पांडू पारावरून ओरडायचा.

"वाचून कळंल."

"कशात वाचू? चकलीत?"

सगळे हसायचे. शेवट तोंडानं सांगून मोकळं होता आलं असतं. पण कोंडू सांगेना. "सांगायची नाय, वाचायची हाय," एवढंच म्हणायचा आणि चालू लागायचा.

दिवाळी झाल्यावर तो शहापूरला अंकाच्या छापखान्यात गेला. संपादक इंद्रजीत उठून उभा राहिला.

"या बाबा! तुमच्या गोष्टीला चार पत्रं आलीत. शेवट खुला ठेवलात, काय धाडस! एका प्राध्यापकांनी तर..."

"ठेवला नाय साहेब. मागल्या बाजूला व्हता."

इंद्रजीतनं कागद शोधायला सांगितलं. ते रद्दीत गेले होते.

"एक सांगू का? आहे तेच चांगलं आहे. शेवट सांगितला की मजा जाते."

"कुणाची?" कोंडूनं विचारलं.

तरी इंद्रजीत म्हणाला, लिहून पाठवा, पुढच्या अंकात बघू.

कोंडूनं नवा कागद घेतला आणि एकाच बाजूला लिहिलं. मग चुलीपुढं बसून, वाचता न येणाऱ्या गोजाबाईला वाचून दाखवलं. म्हातारीचा नवरा मरून सहा वर्षं झाली होती. ती रोज सकाळी त्याच्या नावानं पेला भरून ठेवायची. त्या वाटेनं जाणारा पोस्टमन हे जाणून होता. तिची पाठ वळली की तो चहा पिऊन टाकायचा, तिला पेला रिकामा दिसावा म्हणून.

गोजाबाईनं विस्तव पुढं सारला. "आनि हवालदाराला सांगतो का तो?"

"नाय. म्हातारी समोर हाय ना. मार खातो, पन सांगत नाय."

"बरोबर," ती म्हणाली.

पान टपालानं पाठवलं, पण पुढच्या अंकात ते आलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी अंकच निघाला नाही. कोंडूनं तीन पत्रं टाकली. एकाचं उत्तर आलं, त्यातही खुल्या शेवटाचं कौतुक होतं. त्यानं ते पत्र चुलीत घातलं. त्यानंतर त्यानं काही लिहिलं नाही.

त्याचं तेरावं झाल्यावर इंद्रजीत वैशाखऱ्याला भेटायला आला. गोजाबाईनं चहाचे दोन पेले आणून त्याच्यापुढं ठेवले, स्वतः घेतला नाही. त्यानं एक घेतला.

"आजी, माणूस मोठा होता. तो शेवट अजून डोक्यातून जात नाही. चौथा कोण होता, त्यांनी शेवटपर्यंत कळू दिलं नाही."

गोजाबाई पाणी आणते म्हणून उठली, आत गेली आणि मुद्दाम थोडी थांबली. बाहेर आली तेव्हा इंद्रजीत चपला घालत होता. दुसरा पेला तसाच भरलेला होता, वर साय धरली होती. तिनं तो उचलून आत नेला.

कोंडू लखमा भोईर वैशाखऱ्यात आपल्या घरी वारला, ११ फेब्रुवारी २००२ रोजी, सोमवारी सकाळी.