तौसीफचा ठिपका

तौसीफ वारला त्याला महिना झाला होता, तरी तो रोज दुपारी ओढ्यावर जायचा. जिवंतपणी आईनं कितीदा सांगितलं, तरी माझा हा दोस्त कधी तिकडं फिरकला नव्हता.

ते बघायला आमच्या पाटणजवळच्या वाडीत जत्रा भरली. सगळ्यांच्या माना त्याच्या आईच्या, झुबेदाचाचीच्या मोबाईलमध्ये. तौसीफ टेम्पो चालवायचा. त्याचा फोन जिथं असेल तिथं चाचीच्या नकाशावर ठिपका दिसे. ठिपका पुलावर आला की ती तवा ठेवायची. तौसीफ मिरजेच्या दवाखान्यात वारला आणि त्याच्या खिशातला फोन तेवढा घरी परत आला. चाची तो चुलीमागच्या फळीवर ठेवून रोज चार्ज करायची. फोन फळीवर, आणि ठिपका ओढ्याकडं.

"आत्म्याला रोमिंग लागत न्हाई," आप्पासो महाराज म्हणाले. पूर्वी ते मोबाईलची कव्हरं विकत. "पोरगं उपाशी हाय, चाची. घास तिकडं पोचवा."

चाची स्वतःची भाकरी ओढ्यावर ठेवायची आणि उपाशी झोपायची. वाडीतली कुत्री लय भाविक झाली. चाची भिंत धरून चालू लागली.

मग हायस्कूलच्या क्षमाबाई आल्या. त्यांनी आपलाही फोन चाचीच्या नकाशाला जोडून फळीवर ठेवला आणि चहा घेतला. कप रिकामा होईतो त्यांचा ठिपका ओढ्याकडं निघाला.

"बाई, तुमास्नी बरं हाय न्हवं?" शेजारच्या साळूबाईनं काळजीनं विचारलं.

"मी जिवंत आहे," बाई म्हणाल्या. "चाची, उपग्रह कुणाला बघत नाही. तो फक्त वेळ सांगतो. तो संदेश यायला किती वेळ लागला, त्यावरून फोन अंतर काढतो. चार उपग्रहांची अंतरं जुळवली की जागा कळते. पण तुमच्या डोक्यावर पत्रा, मागं कडा. संदेश कड्यावर आपटून उशिरा येतो. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचा उशीर म्हणजे तीनशे मीटरची चूक. उपग्रह सरकतात, उशीर बदलतो, ठिपका फिरतो; आणि ते रोज साधारण त्याच वेळी त्याच जागी येतात, म्हणून रोज दुपारी तेच."

दोन्ही फोन मोकळ्या माळावर नेले. ठिपके गप उभे राहिले. महाराजांना कऱ्हाडला तातडीचं काम निघालं.

"म्हंजी पोरगं वड्याला कवा आलंच न्हाई?" चाचीनं विचारलं.

"नाही, चाची."

"मग भुकेलं बी न्हाई."

"नाही."

कुणी हसलं नाही. चाचीनं घरी येऊन तवा ठेवला. पुलावर कुणी नव्हतं. एकच भाकरी थापली आणि रडत रडत स्वतः खाल्ली.

माणूस गेल्याचं दुःख खरंच असतं. त्याला चमत्काराची साक्ष लागत नाही. तरी कुणी ती साक्ष काढून दाखवलीच, तर हात जोडण्याआधी शेजारी आपलाही फोन ठेवून बघा.