आठ दिवसांचं मौन

भुईगावात प्लासिडकाकाच्या थापा फुकट मिळत आणि माणसं त्या हौसेनं घरी नेत. वाडीत शिरलेल्या बिबट्याला त्यानं म्हणे कच्ची केळी चारून पोटदुखीनं पळवलं होतं. समुद्रात पडलेला त्याचा चष्मा तीन वर्षांनी एका घोळमाशाच्या नाकावर सापडला होता, आणि काचही पुसलेली होती. खोटं आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक असे, सांगणाऱ्यालाही असे. त्याची एकच थाप गावानं खरी मानली. ही गोष्ट तिचीच.

त्या मंगळवारी तो केळीची पानं कापून घराकडे येत होता. कुंपणापलीकडून इनेझनं विचारलं, "काका, काकी दिसत नाय दोन दिवस?"

"सिस्टरांच्या मठात रिट्रीटला गेलीय. लेकीच्या लग्नाआधी आठ दिवसांचं मौन," काका म्हणाला. जीभ एकदा सुटली की त्याला आवरत नसे. "तिथं पापड मोडला तरी सिस्टर डोळे वटारते. काल फोन लावला, तर दहा मिनिटं दोघं एकमेकांचा श्वास ऐकत बसलो."

"काकी आनि मौन?" इनेझ हसली. पण पटलं तिला.

काकी, म्हणजे डेल्फिन, त्या वेळी मुंबईत, हॉस्पिटलच्या खाटेवर उताणी पडली होती. वर्षभर तिचं काळीज मधूनच भलत्या ठेक्यात धावू लागे, डोळ्यांपुढे अंधारी येई. डॉक्टरांनी मांडीच्या शिरेतून नळी घालून हृदयातली बिघडलेली जागा जाळली होती. "बरं वाटायला लागेल, तेव्हाच जपायचं," त्यांनी बजावलं. "पंधरा दिवस जड उचलायचं नाही. रक्त पातळ ठेवायची गोळी सकाळ-संध्याकाळ. एकही चुकवायची नाही. चुकली तर गुठळी होऊन मेंदूत जाऊ शकते."

पाच वर्षांपूर्वी काकाच्या स्वतःच्या हृदयात स्टेंट बसवला, तेव्हा देवळात रविवारच्या मिस्सेत, सगळ्या गावासमोर, त्याच्या नावानं प्रार्थना झाली होती. शहाळी इतकी आली, की उरलेली गोठ्यामागे टाकावी लागली. पण पुरुषाचं दुखणं वेगळं आणि लग्नाच्या मुलीच्या आईचं वेगळं. आईचं काळीज कच्चं तर लेकीचंही तसंच निघणार, असा आपल्याकडचा हिशेब. तो कोणी मोठ्यानं मांडत नाही, फक्त स्थळं येईनाशी होतात. लेकीचं, एलिसाचं, आगाशीच्या फेबियनशी जमलं होतं. एलिसा म्हणाली होती, "बाबा, मी सांगते त्यांना." काकानंच तिला गप्प केलं.

मौन आठ दिवसांचं सांगितलेलं, म्हणून डेल्फिनला अंधेरीला बहिणीकडे उरलेले दिवस काढावे लागले. पुढच्या बुधवारी ती घरी आली. मांडीवर तळहाताएवढा निळा-काळा डाग होता, चार पावलांत धाप लागत होती. गोळ्यांची पाकिटं तिनं तांदळाच्या डब्यात खुपसली.

चूक तिथं झाली. गुरुवारी सकाळी शेजारणी सुपं घेऊन लग्नाचे तांदूळ निवडायला येणार, हे दोघंही विसरले होते. बायका अंगणात शिरताना दिसल्या तशी काकानं घाईनं पाकिटं काढली आणि वाडीतल्या पंपघरात तेलाच्या डब्यामागे ठेवली.

"दुपारी आनून देतो," तो बायकोच्या कानाशी म्हणाला.

"आठवनीनं. मला इतक्या बायकांतून तिकडं जाता यायचं नाय."

दुपारी मांडववाले आले. संध्याकाळी बँडवाला. शुक्रवारी पाहुणे. जो भेटेल तो रिट्रीटचं विचारी, आणि काका रंगून सांगत बसे. शनिवारपर्यंत त्या रिट्रीटमध्ये मौन पाळणारा एक कोंबडाही आला होता.

इकडे बायका डेल्फिनला म्हणत, "आठ दिस आराम केलास, आता उचल की ही टोपली." डेल्फिननं उचलली. संध्याकाळी तिनं दोनदा नवऱ्याकडे पाहिलं. तो कोंबड्याच्या गोष्टीत होता. तिला वाटलं, उद्या लग्न उरकलं की आधी गोळी.

रविवारी सकाळी देवळात निघण्याआधी एलिसा आशीर्वादासाठी गुडघ्यांवर बसली. काकानं तिच्या कपाळावर अंगठ्यानं खुरसाची, क्रुसाची, खूण केली आणि बाजूला सरकला. डेल्फिन पुढे आली. तिचा उजवा हात उठला नाही. तिनं डाव्या हातानं तो उचलायचा प्रयत्न केला, तेव्हा कोणीतरी हसलं, आई भावुक झाली असं समजून. मग तिचं तोंड वाकडं झालं, आणि ती लेकीच्या पांढऱ्या झग्यावर कोसळली.

"कुठलं औषध चालू होतं?" वसईच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं.

काकानं आयुष्यात पहिल्यांदा एका वाक्यात उत्तर दिलं. "होतं, पण मी लपवलं."

डेल्फिन वाचली. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं.

चौथ्या दिवशी फेबियनची आई प्रिस्का भेटायला आली. काकानं तिच्यासमोर हात जोडले. "विहीनबाय, फसवलं तुम्हाला. लग्न मोडायचं तर मोडा."

प्रिस्का डेल्फिनच्या पायाशी येऊन उभी राहिली. मग तिनं खांद्यावरचा पदर जरा सरकवला. गळ्याच्या हाडाखाली कातडीत काडेपेटीएवढा उंचवटा होता. "पेसमेकर आहे," ती म्हणाली. "सात वर्षं झाली. तुम्ही नाय म्हनाल म्हनून आमीपन बोललो नाय."

लग्न महिन्यानं झालं, साध्या मिस्सेत, बँडशिवाय. एलिसानं आईची चाकाची खुर्ची स्वतः ढकलत अल्ताराच्या वेदीपर्यंत नेली. आईचा उजवा हात तिनंच उचलला आणि आपल्या कपाळाला लावला.

पुढच्या रविवारी मिस्सा सुटल्यावर काका देवळाच्या ओट्यावर उभा राहिला. माणसं सवयीनं भोवती जमली. त्यानं पहिल्यापासून सगळं सांगितलं: हॉस्पिटल, तांदळाचा डबा, पंपघर. लोक ओठांत हसू धरून शेवटची गंमत यायची वाट पाहत होते. कोंबडा कधी येतो, असं पुढ्यात उभ्या असलेल्या कॅल्विननं विचारलंसुद्धा.

काकानं खिशातून त्यातलं एक पाकीट काढलं आणि कॅल्विनच्या हातात दिलं. सगळ्या गोळ्या जागच्या जागी होत्या. पाकिटावर पंपघरातल्या तेलाचा डाग होता.

पाकीट हातोहात फिरलं. ते इनेझपाशी पोचलं, तेव्हा ती ते परत देईना.

"काका," ती म्हणाली, "आमच्या ऋतिकाला फिट येते. दोन वर्षं झाली. स्थळं बघतोय, म्हनून..."

"गोळ्या कुठं ठेवतेस?"

"पिठाच्या डब्यात," इनेझ म्हणाली.

"जेवायच्या टेबलावर ठेव," काका म्हणाला. "पानी भरलेल्या पेल्याशेजारी. आनि कोन आलं तर झाकू नको."

तो घरी निघाला. दारात डेल्फिन खुर्चीत बसली होती. त्यानं आज काय केलं ते तिला सांगितलं, काही न वाढवता. ती ऐकत राहिली. दहा मिनिटं दोघं एकमेकांचा श्वास ऐकत बसले.