उजव्या खणातली खळी

मित्रांनो, आज अडगळीत पडलेला मी एकेकाळी मोठ्या मानाने टेबलावर बसायचो. एका खासगी कॉलेजातला दोन खणांचा जुना लाकडी ट्रे आहे मी. सुताराने माझ्या मधोमध पट्टी ठोकली आणि माझं नशीब ठरलं. डाव्या खणात गुणांवर मिळणाऱ्या फीच्या मदतीचे अर्ज, उजव्यात गरज बघून मिळणाऱ्या मदतीचे. एका मुलाने एकाच खणात अर्ज टाकायचा, असा कॉलेजचा नियम.

खिडकीतून दुपारचं ऊन आलं की मला गुंगी यायची. मग मी पुन्हा झाड व्हायचो आणि अर्ज माझी पानं व्हायचे. डावीकडची पानं ऐटीत उतरत, उजवीकडची चार घड्या घालून, चोरासारखी. त्याचं मला फार वाईट वाटे.

एका वर्षी अगदी शेवटच्या दिवशी शिवणकाम करणारी एक आई लेकीला घेऊन आली. सुई टोचू नये म्हणून घालायचं धातूचं अंगुस्तान घाईत तिच्या बोटातच राहिलं होतं. लेक शाळेत पहिली आलेली. आईने ताठ मानेने अर्ज डावीकडे ठेवला. अर्जाची मागची, घरच्या परिस्थितीची बाजू कोरीच होती.

कारकून काकांनी तो उलटून पाहिला आणि समजावलं, की गुणांची मदत सगळ्यांना सारखीच, फीच्या चौथ्या हिश्शाएवढी. गरजेची मदत मात्र घरची परिस्थिती बघून, कमी पडेल तेवढी मिळते. उरलेली फी आईच्या आवाक्याबाहेरची होती, म्हणजे लेकीचं कॉलेज हुकणार होतं. तरी तिचा हात हलेना. तिने आजवर कुणापुढे हात पसरला नव्हता.

"आई, मला इथेच शिकायचंय गं," लेक हळूच म्हणाली.

पाच वाजत आले होते. माझा जीव टांगणीला लागला. शेवटी आईने विचारलं, "उजवीकडे टाकला, तर हिचे गुण कोण बघणार?"

"ते बघूनच तर प्रवेश दिलाय, ताई," काका म्हणाले. "आता प्रश्न फक्त फीचा आहे."

आई खुर्चीत बसली. मागची बाजू तिने बारीक अक्षरात, काही न लपवता भरली. मग अर्ज उजव्या खणात ठेवला, एकही घडी न घालता. ठेवताना अंगुस्तान माझ्या तळाला टक्कन लागलं आणि तिथे एक छोटीशी खळी पडली.

लेक तिथेच शिकली. जिन्यावरची तिची धावती पावलं मी पुढे कितीतरी दिवस ऐकत होतो.

आता अर्ज कॉम्प्युटरवर गेले आणि मी माळ्यावर आलो. कधी खाली काढलंत, तर मला खुशाल रंधा मारा, रंग द्या, पण ती खळी बुजवू नका. आणि मित्रांनो, मदत मागायची वेळ आलीच, तर कागदाला घडी घालू नका.