द्वारपालाची चप्पल

डोळे मिटू नका, उघडेच ठेवा, आणि या ओटीवर येऊन बसा. समोर खुर्चीत आप्पा आहेत. त्यांच्या हातात एक जाड इंग्रजी पुस्तक आहे आणि त्यातली गोष्ट ते मराठीत मोठ्याने सांगत आहेत. आता त्यांच्या तोंडाकडे नको, डोळ्यांकडे बघा. वाचणाऱ्या माणसाचे डोळे ओळीवरून सरकत जातात आणि ओळ संपली की मागे उडी घेतात. आप्पांचे डोळे पानाच्या मधोमध एकाच जागी थांबले आहेत. हे तुमच्याही आधी, शेजारच्या स्टुलावर बसलेल्या दहा वर्षांच्या संस्कृतीच्या लक्षात आलं होतं.

“...आणि भरतीचं पाणी चढायला लागलं,” आप्पा म्हणाले.

“आप्पा, अंतराळात भरती कशी येईल?”

आप्पांनी पुस्तक किंचित वर धरलं.

“त्यांच्या ग्रहाला दोन चंद्र आहेत. मग भरती येणारच.”

“पण दुर्ग तर हवेत तरंगतो.”

“मध्ये बोलू नको गो. विसरायला होतं.”

संस्कृतीने उघड्या पुस्तकाकडे बघितलं. पुस्तक समोर उघडं असताना माणूस विसरेल कसा?

ते पुस्तक तिच्या बाबांनी, विनीतने, मुंबईहून पाठवलं होतं. ‘तारकादुर्ग’चे पाचही सिनेमे तिने हिंदीत इतक्यांदा पाहिले होते की संवाद पाठ होते. पण त्या सिनेमांतल्या लहानसहान माणसांवर वेगळी पुस्तकं निघतात, हे तिला ठाऊक नव्हतं. बाबांनी फुटपाथवर मिळालेली दोन पाठवली. पाचवीतल्या इंग्रजीला ती झेपेनात. तेव्हा आप्पा आपणहून घरी आले होते. देवरूखच्या शाळेतून निवृत्त होऊन ते गेल्या वर्षी मिरजोळ्यात, संस्कृतीच्याच आळीत राहायला आले होते. “शनिवारी दुपारी पाठवा तिला,” ते म्हणाले होते. “मी वाचून दाखवीन.”

पहिलं पुस्तक राणी सेल्नाचं होतं. सिनेमात ती कधी हसत नाही, म्हणून ती दुष्ट आहे असं संस्कृती धरून चालली होती. पुस्तकात कळलं, की आठ वर्षांची असताना ती भावाबरोबर कोठारात लपली होती. तिला हसू आवरलं नाही आणि त्या आवाजाने सैनिकांना भाऊ सापडला. संस्कृतीने घरी जाऊन सिनेमा पुन्हा लावला. राणी तीच होती, तोंडही तसंच मिटलेलं. पण तिची भीती वाटेना.

दुसरं पुस्तक ओर्विकचं. दुर्गाचा द्वारपाल. तिसऱ्या भागात तो कडी खेचून दार उघडतो आणि शत्रू आत शिरतो. मुलांमध्ये कुणी चुगली केली की त्याला ‘ओर्विक’ म्हणायचे.

“तो सिनेमात फक्त अकरा सेकंद आहे,” तिने पहिल्याच दिवशी आप्पांना सांगितलं होतं. “मी मोजलेत. त्याच्यावर एवढं जाड पुस्तक कशाला?”

“सिनेमात आपल्याला त्याचा हात दिसतो, कडी खेचणारा,” आप्पा म्हणाले होते. “तो हात त्या दिवशी सकाळपासून काय करत होता, ते पुस्तकात असतं.”

घरी तिच्या आजीला, सोनूबाईंना, मात्र हे शनिवार पसंत नव्हते.

“आप्पा कुणाला फुकट चहा पाजणारा माणूस नाय,” भाजी निवडता निवडता त्या म्हणत. “तुलाच कनाला शिकवतंय? आळीत दुसरी पोरं नायत?”

“तुमच्या गावचेच ना ते? आजोबांचे दोस्त?”

“व्हता दोस्त.”

एवढं बोलून त्या भाजी घेऊन आत जायच्या. बाकीची गोष्ट संस्कृतीला आईने, दीपालीने, सांगितली होती. आजोबांचं गाव खाडीकाठी. भातशेतीत खारं पाणी शिरू नये म्हणून तिथे मोठा बांध होता आणि बांधाला एक दार होतं. त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला ती उघडायची, शेतातलं जादा पाणी जाऊ द्यायचं, आणि भरतीआधी फळ्या टाकून बंद करायची. हे काम धोंडू, म्हणजे तिचे आजोबा, आणि आप्पा दिवसाआड करत. एका अमावास्येला, धोंडूची पाळी असताना, उघाडी उघडी राहिली. उधाणाचं पाणी फुलोऱ्यातल्या भातावरून गेलं. पुढे तीन वर्षं त्या जमिनीत काही पिकलं नाही.

धोंडू त्या दिवशी सोनूबाईंच्या माहेरी गेला होता. मुलगा झाल्याचा निरोप सोनूबाईंनीच धाडला होता. तो मुलगा म्हणजे संस्कृतीचे बाबा. धोंडू तिथे धावत पोचला तेव्हा त्याच्या एका पायात चप्पल होती, दुसरा पाय घोट्यापर्यंत चिखलाने भरलेला. गावाने पंचांसमोर विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, “पाळी माझी होती.” बायकोलाही त्याने दुसरं काही सांगितलं नाही. मग तो मुंबईला गेला, गोदीत हमाली केली आणि तिथेच वारला. सोनूबाईंनी त्या वर्षापासून गावच्या शिमग्याला पाऊल ठेवलं नव्हतं. निरोप धाडला नसता तर, एवढंच त्या कधीतरी स्वतःशी म्हणत.

आता पुन्हा ओटीवर या. आप्पांनी पाण्याचा घोट घेतला आहे.

“त्या दिवशी ओर्विकची पाळी होती,” ते सांगू लागले. “सकाळीच निरोप आला, मुलगा झाला म्हणून. दाराला पहारेकरी दोन. ओर्विक आणि त्याचा दोस्त झेवन. ओर्विक झेवनकडे गेला. म्हणाला, आजच्या दिवस माझी पाळी घेशील काय? झेवन म्हणाला, जा तू. मी बघतो.”

“मग?”

“मग ओर्विक पळत सुटला. चिखलात त्याची एक चप्पल रुतली, ती काढायलाही थांबला नाही.”

“चप्पल?”

“बूट,” आप्पा म्हणाले. “बूट रुतला.”

संस्कृतीचे हलणारे पाय थांबले.

“आणि झेवन?”

“झेवनला वाटलं, दार लावायला अजून चार तास आहेत. शहरात दिव्यांचा नवा खेळ लागला होता. तो बघायला गेला. खेळ संपला आणि त्याने पुन्हा तिकीट काढलं.” आप्पांचा अंगठा पानाच्या कडेवरून वर-खाली फिरत होता. “परत आला तेव्हा सगळं आत शिरलं होतं. दाराजवळ तो बूट तेवढा दिसत होता.”

“मग त्याने सांगितलं ना सगळ्यांना?”

आप्पांनी पान उलटलं. पुन्हा मागचंच पान काढलं.

“पुढच्या आठवड्यात तो एका शाळेवर रुजू होणार होता. चांगल्या वागणुकीचा दाखला गावाने द्यायचा होता. पंच बसले तेव्हा ओर्विक त्याच्या तोंडाकडे बघत होता. वाट बघत होता. झेवन खाली मान घालून बसला. शेवटी ओर्विक म्हणाला, पाळी माझी होती.”

त्यांनी चष्मा काढून लुंगीच्या टोकाने पुसला. बराच वेळ पुसला.

“आज एवढंच. ऊन उतरलं बघ.”

संस्कृती पुस्तक छातीशी धरून घरी आली. आजी मागच्या दारी कोकमं उन्हातून आत घेत होती.

“आजी, आजोबांची दुसरी चप्पल कुठे गेली होती?”

सोनूबाईंचा हात सुपात थांबला.

“रस्त्यात पडली म्हणाला. आज काय मधीच चप्पल?”

“आणि आप्पा त्या दिवशी कुठे होते?”

“आप्पा? तो रत्नांग्रीत शिनेमा बघायला गेल्ता. साऱ्या गावाला ठाव हाय. एकच शिनेमा दोनदा बघून आला.” त्यांनी सूप उचललं. “त्याची काय पाळी नव्हती. त्याला कोण बोलणार?”

संस्कृती आत गेली. तिने ओर्विकचं पुस्तक जमिनीवर उघडलं आणि दप्तरातून शाळेची डिक्शनरी काढली. सगळं वाचणं तिला जमणार नव्हतं. पण माणसाचं नाव मोठ्या अक्षराने सुरू होतं, एवढं तिला ठाऊक होतं. तिने बोट पहिल्या ओळीवर ठेवलं आणि झेवन शोधायला लागली. आधी झेड बघितला. मग वाटलं, जे असेल, म्हणून पुन्हा पहिल्या पानापासून जे बघितला. बूट या शब्दाचं स्पेलिंग वहीत लिहून घेतलं आणि तोही शोधला. चिखल शोधला.

तीन दिवस लागले. आप्पांनी सांगितलेल्या प्रकरणात ओर्विक एकटाच होता. त्याला मुलगा नव्हता. शत्रूने राजाच्या शिक्क्याचा खोटा हुकूम पाठवला होता आणि तो खरा मानून त्याने दार उघडलं होतं. म्हणजे फसवला गेला होता बिचारा. झेवन नावाचा माणूस पुस्तकात कुठेच नव्हता.

आधी तिला राग आला. इतके शनिवार आप्पा तिला फसवत होते. राणी सेल्नाचा भाऊ तरी खरा होता की नाही? तिने ते पुस्तकही काढलं आणि कोठार शोधलं. भाऊ सापडला. ते हसूही सापडलं. तिथे आप्पांनी एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता.

ती उठून दारात गेली. उंबऱ्याबाहेर आजीच्या चपला ठेवलेल्या होत्या. ती त्यांच्याकडे बघत तिथेच उभी राहिली, आईने दोनदा हाक मारेपर्यंत.

शनिवारी जेवणं झाल्यावर ती म्हणाली, “आजी, तू पण चल.”

“मी कनाला?”

“आप्पा फुकट का शिकवतात, असा संशय आहे ना तुला? मग तूच ये बघायला.”

सोनूबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग लुगडं बदललं आणि निघाल्या.

त्यांना पायरीवर बघून आप्पा खुर्चीतून उठले.

“वहिनी... या.” त्यांनी स्वतःची खुर्ची पुढे केली. ती पुसली. पुन्हा पुसली आणि आपण खाली चटईवर बसले.

“चालू दे तुमचं,” सोनूबाई म्हणाल्या. “मी आपली ऐकतेय. ह्या पोरीला काय शिकवतंस, बघू दे एकदा.”

आप्पांनी संस्कृतीकडून पुस्तक घेतलं, चष्मा लावला आणि घसा साफ केला.

“आज पुढचं प्रकरण,” ते म्हणाले, आणि सांगू लागले. ओर्विकला तुरुंगात नेलं. तुरुंगाची भिंत काचेची होती.

संस्कृती त्यांच्या डोळ्यांकडे बघत होती. आज ते सरकत होते. ओळीच्या शेवटापर्यंत जात होते आणि मागे उडी घेत होते. आप्पा आज खरंच वाचत होते.

तिने हात पुढे केला आणि त्यांच्या हातातलं पुस्तक मिटलं.

“पुढचं नको, आप्पा. मागचंच सांगा. आजीने ऐकलेलं नाही.”

“पण ते... पान शोधायला हवं,” आप्पा म्हणाले.

“पान नको. तुम्हाला पाठ आहे.”

तिने पुस्तक आपल्या मांडीवर ठेवलं. तिचा स्टूल आजीच्या आणि आप्पांच्या मध्ये होता. तो तिने उचलून बाजूला घेतला.

“झेवनने पाळी घेतली, तिथपासून,” ती म्हणाली. “आणि बूट म्हणू नका. चप्पल म्हणा.”